तिळगुळाची पुडी आणि काकांचा सत्कार

आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्या काकांचा मरणोत्तर सत्कार करायचं आमच्या सोसायटीने ठरवलं, आणि त्यांच्याविषयी चार शब्द बोलायला मला सांगितलं. काका म्हणजे मावशीचे यजमान. मी आठवीत शाळा सोडलेला, हिंजवडीला कंपनीची बस चालवणारा. पण विदर्भातून आलो तेव्हापासून मावशीने मला घरात ठेवून घेतलंय, त्यामुळे नाही म्हणायला तोंड नव्हतं.

मावशीला विचारलं. "पत्रकासकट पकडले. अजून काय हवंय? जेवायला बस."

एवढ्यावर भाषण होईना, म्हणून तिच्या तेव्हाच्या शेजारीणबाईंना गाठलं. त्या आजी आता समोरच्याच इमारतीत राहतात.

"पत्रकं? ते?" आजी म्हणाल्या. "अरे, ते रेडिओ लावतानासुद्धा आधी खिडकी लावून घ्यायचे. पत्रकं तुझ्या मावशीची."

हळदीकुंकवाला पोलीस घरात शिरत नाहीत, हे मावशीने हेरलं होतं. संक्रांतीला तिने बंदी असलेल्या पत्रकांच्याच पुड्या केल्या, त्यात तिळगूळ भरला आणि वाणाबरोबर बायकांच्या हाती दिल्या. पुरुषांचं त्या दिवशी घरात काम नाही, म्हणून काकांना बाहेर पिटाळलं. जाताना त्यांनी ताटातली एक पुडी उचलली. चौकात हवालदार भेटला. संक्रांतीला समोर आलेल्या माणसाला तिळगूळ द्यायचा असतो, म्हणून काकांनी पुडी त्याच्यापुढे धरली. हवालदाराने आधी तिळगूळ खाल्ला, मग कागद वाचला.

हे बोलावं तर काकांच्या हार घातलेल्या फोटोसमोर लोक हसणार, आणि माझी वळकटी जिन्यात येणार. न बोलावं तर माइक हातात धरून खोटं सांगायचं. शेवटी मेथी निवडत बसलेल्या मावशीला सगळं सांगून टाकलं.

"त्या समोरचीला कोणीतरी ऐकणारं लागतंच," मावशी म्हणाली. मेथीची जुडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "पुडी कुठून आणली, एवढंच पोलीस विचारत होते त्यांना. घरून, म्हणाले असते तर सुटून संध्याकाळी चहाला घरी आले असते. वर्ष काढलं आत, पण म्हणाले नाहीत."

"मग तू का नाही सांगितलंस कधी कोणाला?"

"काय सांगू? माझ्या जागी ते आत गेले, हे?"

"सुटून आल्यावर काही बोलले?"

"बोलले ना. पुढच्या वेळी वेलची जरा कमी घाल, म्हणाले."

सत्काराला मी माइक हातात घेऊन उभा राहिलो. "पोलिसांनी इतकं विचारलं, पण काकांनी शेवटपर्यंत कोणाचं नाव सांगितलं नाही," एवढंच बोललो आणि खाली बसलो. टाळ्या जोरात वाजल्या. अध्यक्षांनी मावशीला पुढे बोलावलं आणि यजमानांच्या वतीने शाल स्वीकारण्याची विनंती केली. तिने मान खाली घालून ती स्वीकारली. मागच्या रांगेतल्या आजी सगळे थांबल्यावरही टाळ्या वाजवत होत्या.

घरी येताना मावशी म्हणाली, "बरं बोललास. शाल मात्र टोचते."

पण कुलूप उघडून आत जाईपर्यंत तिने ती काढली नाही.