चार सलाईनी

माझी आई इंदूरजवळच्या राऊला घरातच शिवणाचा क्लास चालवायची. विडी-सिगारेटच्या वाऱ्यालाही उभी न राहिलेली बाई, आणि फुफ्फुसाचा कॅन्सर सापडला तो चौथ्या स्टेजला. इंदूरचे मोठे डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले, "माताजी को कुछ मत बताइए." माताजी शेजारीच बसल्या होत्या.

दर तीन आठवड्यांनी केमोची सलाईन, दिवसभर खुर्चीत. चौथीनंतर आईच्या बोटांना सुई धरवेना. मी आईला आणि फाईल घेऊन दुसऱ्या डॉक्टरीणबाई गाठल्या. त्यांनी आधी आईलाच विचारलं, "काकू, तुम्हाला काय करता यायला हवं?"

"ब्लाउज कापता आला की बस."

मग फाईल चाळता चाळता त्या थांबल्या. गाठीच्या जीन-तपासणीचा रिपोर्ट आत होता, पहिल्या सलाईनच्या आधीच आलेला. अशा गाठीला रोजची एक गोळी पुरते, घरी बसून. तो रिपोर्ट कोणी वाचलाच नव्हता.

गोळीने अंगभर पुरळ उठलं, पण दोन महिन्यांत आई मशीनवर बसली. माझं डोकं मात्र पेटलेलंच. तेच मोठे डॉक्टर एका हॉलमध्ये 'रुग्ण आधी' या विषयावर बोलणार असल्याचं कळलं, तेव्हा मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. प्रश्नांची वेळ येताच उठले आणि रिपोर्टची तारीख मोठ्याने वाचली. मग चारही सलाईनींच्या तारखा, एकेक करून.

"मॅडम, ये बाद में देख लेंगे."

"बाद में किसके पास है, सर? चौथी स्टेज आहे."

त्यांचा हात पाण्याच्या ग्लासाकडे गेला आणि ग्लास लवंडला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

पुढच्या रविवारी ते माफी मागायला घरी आले. आई मुलींना बाही जोडायला शिकवत होती. "बसा," म्हणाली, आणि क्लास संपेपर्यंत त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तासभर ते लाकडी स्टुलावर अवघडून बसले. मी पाणीही विचारलं नाही.

शेवटी आई त्यांच्याकडे वळली. "आता मला सांगा, मला काय झालंय. सगळं. हिच्याकडे नका बघू."

त्यांनी सांगितलं. आईने शेवटपर्यंत ऐकलं आणि हात जोडून त्यांना निरोप दिला.

त्यानंतर ती पावणेदोन वर्षं जगली. तिने त्यांना माफ केलं असावं. मी केलेलं नाही.