सगुणाची बांडी गाय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही — पण ऐका.

विलायतेत कापसाला मागणी आली आणि आमच्या दर्यापूरच्या काळ्या मातीत जो तो कापूस पेरू लागला. दिराची वाटणी त्याच वेळी वेगळी झाली होती. त्याची बायको सगुणा, माझी धाकटी जाऊ, भाजीवाल्यांच्या घरची. वांगी-मिरची तिला कळायची; गुरं तिनं कधी राखली नव्हती. आणि मी? माझ्या माहेरचा गोठा कधी रिकामा नसायचा. त्याचा तोरा होता मला.

कापूस विकून दीर आणि सगुणा बाळापूरच्या बाजाराला गेले. एक गोऱ्हा आणि दूधपित्या पाडीसकट एक काळी-पांढरी बांडी गाय घेऊन आले. सगुणानं गाय काय पाहून घेतली? डोळे! "डोये पाहा न जाऊबाई, किती गरीब हायेत," म्हणाली. मी पोट धरून हसले. सड पाहिले नाहीत, दात पाहिले नाहीत — डोळे!

पण बांडी दूध द्यायची ते चरवी भरून. माझी चांगल्या वळूची गाय तेव्हा भाकड होती. सासूबाई माझ्याकडे जेवायच्या, पण ताकाला सगुणाच्या ओट्यावर जाऊन बसायच्या. तिथून त्यांचं हसणं ऐकू यायचं. माझा जळफळाट व्हायचा — खरंच सांगते, त्या गाईचं हंबरणंसुद्धा मला सोसवेना.

सगळ्यांनी कापूसच पेरला, ज्वारी नावापुरती; मग कडबा कुठून मिळणार? त्या हिवाळ्यात चाऱ्याची ओढ पडली. कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना कोवळे फुटवे आले होते, पाण्यावाचून सुकत चाललेले. सगुणा ते ओटीत भरून माझ्या दारात आली.

"जाऊबाई, हे बांडीले टाकू का? कवळे हायेत."

ते फुटवे जनावराला विष असतात. आमच्या माहेरी शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं. मी चूल फुंकत होते. फुंकतच राहिले. मग म्हणाले — हो, म्हणालेच मी —

"टाक न. इचारून काहून राहिली?"

थोड्याच वेळात तिची किंकाळी आली. गाय थरथरत होती, तोंडाला फेस. मी गुळाचं पाणी घेऊन धावले, बांबूच्या नळ्यानं पाजलं. उशीर झाला होता. तो होणार हे मला घरातून निघतानाच माहीत नव्हतं का?

सगुणानं मला काही विचारलं नाही. कुणाची तरी दृष्ट लागली, एवढंच म्हणत रडली. शेळीच्या दुधात बोट बुडवून पाडीला पाजायला मी तिला शिकवलं. पाडी जगली. "जाऊबाई होत्या म्हणून वाचली," असं ती गावभर सांगायची. सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला.

पुढे ती पाडी मोठी झाली, व्याली. पहिल्या चिकाचा खरवस सगुणानं देवापुढे ठेवला आणि दुसरी वाटी माझ्याकडे आणली. "पयला मान तुमचा," म्हणाली, आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिली.

मी सगळा खाल्ला. वाटी पुसून खाल्ली. गोड होता.