बाईने भरलेली वर्गणी

धान कापून बांध्यांमध्ये, भाताच्या खाचरांत, आडवे पडलेले असते, त्या दिवसांत आमच्या भंडाऱ्याकडच्या हवेला एक ओलसर, किंचित आंबूस-गोड वास येतो. गाडीच्या काचा लावल्या तरी तो आत शिरतो. परवा शाळेतून परतताना तो असाच आत आला, आणि त्याच वेळी समोरच्या छोट्या पडद्यावर अक्षरे उमटली: साहाय्यसेवेची मुदत सात दिवसांत संपत आहे, नूतनीकरण करावे. मी गाडी कडेला लावली आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. थकवा आता वयाचाच एक भाग झाला आहे. पण त्या संध्याकाळचा थकवा निराळा होता.

तुम्हाला ही सेवा ठाऊक असेल. आरशाच्या वर एक लाल बटण असते. गाडी बंद पडली की ते दाबायचे. कुठून तरी एक आर्जवी आवाज बोलू लागतो, आपण कुठे अडकलो आहोत हे त्याला आधीच माहीत असते, आणि तो मदतीला माणूस धाडतो. वर्षभरात मी ते बटण एकदाही दाबले नाही. मग ठेवावी कशाला ही सेवा? व्यवहाराने पाहिले तर प्रश्न अर्ध्या मिनिटाचा. पण ती वर्गणी मी भरलेलीच नव्हती. माझ्या थोरल्या बहिणीने ती भरली होती, दोन बकऱ्या विकून.

तिला मी बाई म्हणतो. सिहोऱ्याच्या पलीकडे, तलावाखालच्या एका लहानशा गावात तिचे घर. आईची शेवटची दोन वर्षे तिच्याकडेच गेली. माझ्या घराचे जिने, माझी नोकरी, पत्नीची प्रकृती अशी कारणे मी दिली होती. ती सगळी खरी होती, आणि तरीही पुरेशी नव्हती. दर पंधरवड्याला येईन, असे मी कबूल केले होते. सुरुवातीला गेलोही. एकदा मोहाडीजवळ बॅटरीने दगा दिला आणि मी अर्ध्या वाटेवरून परतलो. फोनवर बाईला आपले वाट पाहणे फुकट गेल्याचे काहीच वाटले नाही. मी उन्हात किती वेळ उभा होतो, याचीच तिला हळहळ. किती सहज विश्वास ठेवला जातो आपल्यावर, हे मला त्या दिवशी कळले. कळायला नको होते!

कारण पुढच्या खेपेला आईच्या खाटेशी बसलो, तर तिने डोईवरचा पदर सारखा केला आणि विचारले, “तुमी कोनाचे, बाप्पा?” मी घरातले नाव सांगितले, बाबू. तिने परक्या पाहुण्याकडे पाहून हसावे तशी ती हसली. लहानपणी माझ्या तापलेल्या कपाळावर ठेवलेला तिचा हात मला आठवत होता, आणि त्या हाताला मी आठवत नव्हतो. आजारी आईपुढे बसण्याचे धैर्य अनेकांना असते. तिच्या विस्मृतीपुढे बसण्याचे माझ्यात नव्हते. त्यानंतर तीन वेळा मी घरातून निघालोच नाही, आणि तिन्ही वेळा बाईला फोन करून सांगितले, गाडी बंद पडली. मोहाडीच्या त्या एका खऱ्या बिघाडावर मी तीन खोटे बिघाड चालवले.

बाईने ते सगळे खरे मानले. तुमसरला शिकणाऱ्या भाचीला तिने कामाला लावले, मामाच्या गाडीसाठी काही सोय असते का बघ म्हणून. भाचीने मोबाइलवर ही सेवा शोधली, आणि गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर, ओवाळणी घालणाऱ्या भावाच्याच हातावर बहिणीने वर्षभराच्या वर्गणीची पावती ठेवली. बाईचे यजमान, माझे भाटवे, हसत म्हणाले, साळ्याची गाडी आता आमच्या बकऱ्यांवर चालणार. सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या हसण्याची शरम अजून जात नाही. मग मात्र मी जाऊ लागलो. दोनदा गेलो. पौषात आई गेली.

पडद्यावर ती अक्षरे दिसली त्याच रात्री बाईचा फोन आला. मुदत भाचीच्या लक्षात होती. यंदाही एक बकरी बाजारासाठी काढून ठेवली आहे, तू काळजी करू नको, असे ती सांगत होती. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिच्याकडे गेलो.

ती अंगणात उकडलेले शिंगाडे सोलत बसली होती. मी खाली बसलो आणि सारे सांगितले: तीन दिवस, तीन फोन, धडधाकट गाडी. ती रागावेल, रडेल, असे वाटले होते. तिचा हात तेवढा थांबला.

“तवा आईले मी काय सांगत होती, मालूम हाये तुले?” ती म्हणाली. “बाबू येऊन राहिला, रस्त्यात हाये, असं. सारं इसरली, पन हे नाही इसरली. दरवाजा लावू दे नाही.”

ती पुन्हा शिंगाडा सोलू लागली.

“मांगून तू आला न, समोर बसला, तवाबी मले हळूच इचारे, बाबू कुठवर आला. तिच्यासाठी तू रस्त्यातच रायला, मरेपर्यंत.” मग खाली पाहत ती म्हणाली, “आईसंगं मी कधी खोटं बोलली नोती. तूनं बोलाले लावलं.”

माझ्या अपराधाचा हिशेब मी किती वेळा मनात मांडला होता. पण त्यात हे कधीच आले नव्हते. आपले खोटे आपल्यापाशीच राहील, असे समजणे हीच केवढी मोठी फसवणूक! ते दुसऱ्याच्या तोंडून, दुसऱ्याच्या भाबडेपणाने, मरणाऱ्या माणसाच्या कानी जाते.

तिने मला जेवू घातले. बकरी सोडून पुन्हा कळपात नेली. निघताना एवढेच म्हणाली, “मंडईले ये. पन यष्टीनं ये.”

सेवेची मुदत मी संपू दिली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते, दंडारीचे लोकनाट्य होते, आणि त्या दिवशी सासरी दिलेल्या बहिणीच्या दारी माहेरचे माणूस दिसावे लागते. बाईच्या गावच्या मंडईला मी सकाळीच भंडाऱ्याहून बस धरली. गर्दी होती; उभ्याने पाय भरून आले. प्रत्येक फाट्यावर गाडी थांबत होती, आणि मला प्रत्येक थांबा लांबच लांब वाटत होता. मोहाडी मागे पडल्यावर बाईचा फोन आला. मी म्हणालो, रस्त्यात आहे.

तिने ते ऐकून घेतले. मग ती म्हणाली, “कंडक्टरले फोन दे.”

शेजारचे दोघेतिघे बघू लागले. मान खाली घालून मी फोन पुढे केला. कंडक्टरने माझ्याकडे एकवार निरखून पाहिले आणि फोनमध्ये सांगितले, “हो बाई, हायेत गाडीत. उभेच हायेत.” मग त्याने फोन परत दिला. बाईने तो अजून ठेवला नव्हता. ती काही बोलत नव्हती, मीही नाही. आणि तुमसर येईपर्यंत मी तो तसाच कानाशी धरून उभा राहिलो.