डहाळी कोणी काढायची

तलासरीकडच्या जुन्या आश्रमशाळेत मी सहा वर्षं स्वयंपाक केला. माझी मुलगी तिथेच शिकत होती. ती गेल्यावर मी काम सोडलं आणि पुन्हा तिथे पाऊल टाकलं नाही. पुढे शाळा दुसरीकडे हलली. इमारती तशाच पडून आहेत.

गेल्या हिवाळ्यात डहाणू रोडहून कॉलेजच्या तीन मुली आमच्या पाड्यावर आल्या. त्यांना जुनी शाळा आणि डोंगरातल्या पायवाटा बघायच्या होत्या. मी म्हटलं, चला. मला तिथली एक जागा बघायची होती.

"आजी, मॅपवर इथे वाटच नाही," एक म्हणाली.

"मॅप इथे कधी चाललाय का?"

पुढे खिंडीत दोन वाटा फुटतात. शाळेकडून येताना एक डोंगराच्या धारेधारेने पाड्यावर येते, दुसरी ओढ्यात उतरते. पुढचा माणूस चुकीच्या वाटेवर डहाळी आडवी टाकतो. सगळ्यांत मागचा ती काढतो. डहाळी दिसली की समजायचं, कोणीतरी अजून मागे आहे. हे मी मुलींना सांगितलं. पुढचं सांगितलं नाही.

दर शनिवारी मी माझी धरून पाड्यावरच्या पाच मुलींना घेऊन घरी यायचे. त्या श्रावणात पाऊस दाट होता. मी खिंडीत डहाळी टाकून थांबले. मागून पाच जणी आल्या, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी. मी पाच मोजल्या आणि डहाळी स्वतःच काढून फेकली. पाचवी शेजारच्या पाड्यावरची होती, मावशीकडे निघालेली. खोळीखालचं तोंड मी बघितलं नाही. माझी मागे राहिली होती. ती आली तेव्हा दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. धुक्यात ती ओढ्याच्या वाटेला लागली. ओढ्याला पूर होता.

मी चौथीपर्यंत शिकले. मोजायला तिथेच शिकले.

ती मागे का राहिली, ते तिच्या मैत्रिणीने नंतर सांगितलं. स्वयंपाकघराची भिंत आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये हातभर फट आहे. मुली तिथे बसून चिंच खायच्या. ही आपले चिंचोके घ्यायला परत गेली होती. भिंतीच्या अलीकडे मी भाकऱ्या थापायचे आणि मला त्या जागेचा पत्ता नव्हता.

शाळेत पोचल्यावर त्या फटीत मी अंग तिरकं करून शिरले. कॉलेजच्या मुली हसल्या, "आजी, अडकाल." विटांमधल्या एका भोकात चिंचोके होते, उंदरांनी पोखरलेले. कोणाचेही असतील. मी ते तिथेच ठेवले.

परतताना मी पुढे होते. खिंडीत हात सवयीने ऐनाच्या झाडाकडे गेला. डहाळी मोडली, ओढ्याच्या वाटेवर आडवी टाकली.

मागची मुलगी पोचली. "मीच शेवटची. काढू ना, आजी?"

"आधी मोजा."

"तिघी तर आहोत."

"मोजा."

त्यांनी मोजलं. मी तिघींची तोंडं एकेक करून बघितली.

"राहू दे ती," मी म्हटलं.

हिवाळ्यात डहाळी आठ दिवसांत वाळते, मग गुरं तुडवतात. ते मला माहीत आहे.