मीन राशीच्या मुलीला हाक

पहाटे पाच वाजून सत्तावीस मिनिटांनी माझी मुलगी झाली आणि पाच एकोणतीसला सासूबाईंनी नर्सकडून वेळ लिहून घेतली. वजन दुसऱ्या दिवशी विचारलं. तेव्हापासून राशीचे किस्से साचतायत, आमच्या कात्रजच्या पोळी केंद्रातल्या पोळ्यांसारखे. एक उचलावी तर खाली चवड असतेच.

पहिला नावाचा. गुरुजी म्हणाले, "मीन रास, उत्तराभाद्रपदा, चौथा चरण. अक्षर ञ."

"ञ वरून कुठलं नाव असतं हो?" सासूबाईंनी विचारलं.

"मी अक्षर सांगतो. नाव पालक शोधतात."

पाच दिवस शोधलं. मग त्याच नक्षत्रातलं जरा सोयीचं अक्षर घेऊन दुर्वा ठेवलं.

केंद्राच्या मालकीण मंगलताई कामंसुद्धा राशीवर वाटतात. मेष, सिंह, धनू अग्नीच्या, म्हणून तव्यावर. मी सिंह. एप्रिलात म्हटलं, "ताई, मला जरा कणकेवर घ्या ना."

"कणीक जलराशीची. पुढच्या जन्मी बघू."

रुक्सानाआपांना रासच नाही. त्या पंख्याखाली बसून लाटतात. पत्रिका काढल्याचा एवढा पश्चात्ताप मला कधी झाला नव्हता.

दुर्वाला मी कामावर नेते. मंगलताईंनी मला मीनेचा अर्थ समजावला. दोन मासे, तोंडं उलट्या दिशांना. स्वभाव स्वप्नाळू, दुसऱ्याला सगळं देऊन टाकणारा. त्याच दुपारी या दानशूर मुलीने एका बिस्किटासाठी शेजारणीच्या लेकीला कडकडून चावा घेतला.

"तो दुसरा मासा," मंगलताई म्हणाल्या.

दीड वर्षाची झाली तरी दुर्वा हाकेला वळेना. माझी झोप उडाली. मंगलताई म्हणाल्या, "माशाला कुणी हाक मारतं का?" कुकरच्या शिट्टीलाही हलत नाही म्हटलं, तर "शांत स्वभाव. नशीबवान आहेस." गुरुजींनी बुध नीचीचा काढला. वाचा उशिरा, हिरवे मूग दान करा. मूग गेले. दुर्वा काही बोलली नाही.

मग एकदा आपांच्या हातून परात फरशीवर पडली. आम्ही सगळ्या दचकलो. परातीकडे पाठ करून बसलेली दुर्वा कणकेचे गोळे मांडत राहिली. आपांनी परात उचलली आणि मुद्दाम पुन्हा टाकली. दुर्वा तशीच.

"राशीतलं मला कळत नाही," आपा म्हणाल्या. "पण हिचे कान दाखव. आजच."

डॉक्टरांनी विचारलं, "जन्माच्या वेळी काही?"

सासूबाई म्हणाल्या, "उत्तराभाद्रपदा, चौथा चरण."

"मी काविळीचं विचारतोय. ती जोरात झाली तर कानांवर जाते."

कावीळ झाली होती, चांगली जोरात. पण पत्रिकेत तिला रकाना नसतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात राहिली नव्हती.

दोन्ही कानांना यंत्रं बसली. आठवड्याने मंगलताईंनी मागून हळूच "दुर्वा" म्हटलं. ती वळली. मंगलताई गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून आत गेल्या आणि तोंड धुऊन आल्या.

परवा गळ्यात ऑफिसचं कार्ड लटकवलेला एक तरुण दहा पोळ्या न्यायला आला. मंगलताईंनी विचारलं, "तुमचं लेकरू हाकेला वळतं का?"

"काकू, माझं अजून लग्नच नाही झालं."

"मी पत्रिका मागितली का तुमची? ऑफिसात ज्यांना लेकरं आहेत त्यांना सांगा, मागून ताट वाजवून बघा. वळलं नाही तर थेट डॉक्टर."

"सांगतो ना उद्या."

"फोन आहे ना हातात? आत्ताच सांगा. तोवर पोळ्या बांधते."