नागुबाईचं मडकं आन् खोटं गाव

न्हाई गं पोरी, तसं न्हाई. नारू म्हंजी साधा फोड न्हाई. आदी फोड येतो, तो फुटला की त्यातून दोऱ्यासारखा लांब किडा निघतो, आन् निघता निघता माणसाला खाटंवर पाडून ठेवतो. तुमच्या पिढीनं बघितला न्हाई, ते बरंच झालं. पर कामून बघितला न्हाई, ते लिही. आमच्या गावापुरतं तरी त्यात माझ्या थोरल्या जावंचा हात हाय. नागुबाई. हां, नाव जरा मोठ्या अक्षरात काढ.

लातूर जिल्हा नवा नवा झाला, त्या सुमाराची गोष्ट. आमचं गाव रेणापूरच्या पलीकडं. दुष्काळ पडला, हिरी आटल्या, आन् पाणी उरलं दोनच ठिकाणी. एक गावाबाहेरची बारव. तिला पायऱ्या. खाली उतरायचं, पाण्यात पाय बुडवायचे आन् घागर भरायची. पाणी हिरवं, मचूळ. दुसरा आमच्या बौद्ध वस्तीतला आड. त्याला कठडा, वरून दोर सोडून पाणी ओढायचं. पाणी गोड, पर बेताचं.

दुष्काळ सरला आन् दुसऱ्या साली नारू निघाला. नागुबाईचे मालक साहेबराव, माझे थोरले दीर, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. सडकंवरच्या समद्या मजुरांनी बारवीचंच पाणी पिलं व्हतं. दिराच्या घोट्यातून नारू बाहीर आला. तो काडीला गुंडाळायचा आन् रोज जरासाच ओढायचा. तुटला तर पाय सुजून भोपळा. तसल्यात बी त्यांची थट्टा चालूच. म्हनायचे, "नागे, तू आडाची दोरी वढ, मी पायातली वढतो. बघू कुणाची आदी वर येती!"

नागुबाई हसायची, आन् चुलीम्होरं जाऊन डोळे पुसायची.

तवा नांदेडाकडून दोन माणसं आली. एक डॉक्टरीणबाई, आन् एक भीमाशंकर सर. सर पाण्याचे. हिरीत दोर सोडायचे, पाणी किती खोल गेलं ते मापायचे. गावात फिरायला त्यांना बाई पाह्यजे व्हती, कुणाच्या बी दारात उभं ऱ्हायला न भिणारी. आमच्या नागुबाईशिवाय दुसरं कोण? पयल्याच दिशी हिनं डॉक्टरीणबाईलाच इचारलं, "तुमी रोगाच्या, हे पाण्याचे. तुमचं दोघांचं एकमेकांत काय काम?"

डॉक्टरीणबाई म्हनली, "विहीर कधी आटली ते यांना कळतं. नारू कुणाला झाला ते मला कळतं. मधली वाट दोघांनी मिळून शोधायची आहे. ती वाट घरोघरी विचारल्याशिवाय सापडत नाही, म्हणून तुम्ही."

मंग सरांनी तिला खोटं गाव दाखवलं. म्हंजी काय, कागदावर आकड्यांचं गाव केलेलं. पाऊस किती पडला ते त्या गावाला सांगायचं. मंग ते सांगनार कुठली हीर कवा आटली, कुठल्या गल्लीची माणसं कुठल्या पाण्याला गेली, आन् साल उलटल्यावर नारू कुठं निघनार.

"आन् ते खोटं बोललं तर?" नागुबाई म्हनली.

सर हसले. "म्हणूनच आधी होऊन गेलेलं विचारायचं. गेल्या सालाचं बरोबर सांगितलं, तर पुढच्या सालाचं ऐकायचं. नाहीतर नाही."

नागुबाईला हे लई पटलं. घरी येऊन मला म्हनली, "माणसाला बी असंच पारखावं गं."

घरोघर जाऊन हिनं इचारलं, दुष्काळात पाणी कुठून आणलं? वरल्या गल्लीत, शिवप्पाच्या दुकानाच्या ओळीत, समदी लिंगायतांची घरं. तिथं दर घरातून एकच उत्तर: बारवीतून. सरांनी आकडे भरले. खोटं गाव म्हनलं, वरल्या गल्लीतच नारू समद्यात जास्ती निघनार. आन् खऱ्या गावात त्या गल्लीत एकाला बी नारू न्हाई!

इथंच घोडं अडलं. डॉक्टरीणबाईला बारवीच्या पायऱ्या बुजवून वर हापसा बसवायचा व्हता. म्हंजी कुणाचा दुखरा पाय पाण्यात पडनार न्हाई, आन् नारू पुढच्या सालासाठी पेरला जानार न्हाई. पर जिल्ह्याचे साहेब म्हनले, "अख्खी गल्ली बारवीचं पाणी पिली आणि ठणठणीत आहे. मग बारवीचा काय दोष? पुढच्या बाजाराला येतो. तोवर काही सापडलं तर दाखवा, नाहीतर हे काम बंद."

डॉक्टरीणबाई त्या दिशी जेवली न्हाई. पुन्ना वरल्या गल्लीत जाऊन इचारलं, पाणी गाळून पिता का, उकळून पिता का? समद्या न्हाई म्हनल्या. सर म्हनले, "एक तर आपला हिशोब चुकलाय, नाहीतर आपल्याला मिळालेली माहिती."

नागुबाईला मात्र ठाव व्हतं.

दुष्काळात भर दुपारी, गडीमाणसं कामाला गेली आन् सासवांचा डोळा लागला की, वरल्या गल्लीतल्या बाया तोंडावर पदर घिऊन आमच्या आडावर यायच्या. नागुबाईच ओढून त्यांच्या घागरी भरायची. "नागे, कुणाला बोलू नको गं. घरात कळलं तर घागर फोडतील, आन् आमचं काय करतील ते येगळंच." हिनं जबान दिली व्हती. दारात उभं राहून इचारल्यावर त्या बिचाऱ्या खरं कशाला सांगत्यात? मागं सासू बसलेली.

आता बोलावं तर इमान जातं. न बोलावं तर बारव उघडी ऱ्हाती, आन् फुडल्या साली कुणाच्या तरी घरात आनखी एक खाट.

कुणाचं नाव न घेता तिनं दिराच्या कानावर घातलं, तवा ते इतकंच म्हनले, "माझ्या पायासाठी कुणाचं घर मोडू नको. पर बारव बी सोडू नको." हे सांगायला सोपं!

सकाळी ती डॉक्टरीणबाईकडं गेली. "बाई, तुमची माहिती खोटी हाय. कशी ते मी सांगनार न्हाई. पर असं इचारा, की कुणी काय सांगितलं ते तुमाला बी कळू नये आन् मला बी."

डॉक्टरीणबाई म्हनली, "नावं मला नकोच आहेत. गल्लीचं गणित कळलं की पुरे. चिठ्ठ्या टाकायला लावू?"

"लिहिनार कोण? मी?"

दोघी हसल्या. मंग दोघींनी मिळून एक युक्ती काढली. कुंभाराकडून नवं कोरं मडकं आणलं. आवाज यायला नको म्हनून तळाला चिंधी घातली. दर बाईच्या हातात एक ज्वारीचा दाणा, एक तुरीचा. मूठ मडक्यात घालायची. बारवीचं पाणी पिलं असंल तर ज्वारी सोडायची, आडाचं पिलं असंल तर तूर. उरलेला दाणा मूठ झाकूनच कोंबड्यांना.

शिवप्पाच्या घरी त्याची आई सिद्धम्मा वसरीवरच बसलेली. "मडकं कुणाच्या घरचं गं?"

"कुंभाराच्या घरचं, आत्या. अजून कुणाचंच झालं न्हाई."

म्हातारीची सून शरणम्मा पदरात तोंड लपवून हसली.

मडकं पालथं केलं, तर वरल्या गल्लीची तूरच तूर! ज्वारी नावाला. एक चिंचोका बी निघाला, तो कुणाचा ते आजवर कळलं न्हाई. सरांनी नवे आकडे भरले आन् खोटं गाव पुन्ना चालवलं. आता त्यानं नारू दाखवला खालच्या गल्लीत आन् सडकंच्या मजुरांत. खऱ्या गावात व्हता, तसाच. भीमाशंकर सर खुर्चीतून उठले आन् नागुबाईला म्हनले, "बाई, बसा इथं." ती कसली बसती? पर सर तसं म्हनले, हे खरं.

बाजारच्या दिशी साहेब आले. दाणे बघून म्हनले, "तुरीवर सरकार चालतं का? कुणाच्याही मुठीत काहीही असेल." मंग नागुबाईकडं वळले. "आड तुमच्या वस्तीतला. पाणी ओढून दिलं असेल तर बाया तुला माहीत आहेत. नावं सांग. आत्ता लिहून घेतो आणि हापशाला मंजुरी देतो."

समदं गाव चावडीम्होरं. दीर काठी धरून एका पायावर उभे. वरल्या गल्लीच्या बायांनी माना खाली घातल्या. एक नाव घेतलं असतं तर काम झालं असतं.

नागुबाई म्हनली, "साहेब, जबान दिली हाय. नावं मिळनार न्हाईत. पर माझ्यावर भरवसा नसंल तर मडकं तुमच्या शिपायाच्या हातात द्या. पुन्ना इचारा. मी इथंच बसते, हालत न्हाई. खरं असंल तर पुन्ना तूरच निघंल."

भीमाशंकर सर लगेच म्हनले, "साहेब, आम्हीही हेच सांगणार होतो. दुसऱ्याच्या हातून तेच यायला पाहिजे."

शिपाई मडकं घिऊन गेला. डॉक्टरीणबाई नखं खात बसली. नागुबाई मात्र ताठ, जशी काय लग्नातली वरमाय!

शिपाई परत आला, मडकं पालथं केलं, तर तूर पहिल्याहून जास्ती. आदी भ्यालेल्या बायांना धीर आला व्हता. शिपाई हसत सांगाय लागला, "शिवप्पाच्या घरी तर सुनेनं ज्वारी आदीच कोंबड्यांना टाकली आन् मूठ उघडली, साहेब. तळहातावर तूर. सासूसमोर!"

"आन् सासू?" कुणीतरी इचारलं.

"म्हातारी म्हनली, मला काय ठाव न्हाई व्हय? बारवीचं पाणी कवा गोड असतं का? गोड लागलं म्हनूनच गुमान पिले."

असा हशा पिकला म्हनतीस! साहेब बी हसले, आन् तिथंच सही केली. पायऱ्या बुजल्या, हापसा बसला. फुडल्या साली तुरळक नारू निघाला, जुन्या पाण्याचा. त्याच्या फुडं मात्र आमच्या गावात कुणी काडीला दोरा गुंडाळला न्हाई. दीर लंगडले शेवटपातूर, पर चालले सोताच्या पायानं.

मडक्याचं नाव झालं. डॉक्टरीणबाई नागुबाईला देगलूरपातूर घिऊन गेली, जिथं जिथं बाया दारात खरं बोलत न्हाईत तिथं. शाळंचं तोंड न बघितलेली माझी जाऊ, जीपमधी फुडं बसून! मी वस्तीतल्या समद्यांना बाहीर बोलवून दाखवायची.

शरणम्मा आपणहून बोलली, म्हनून तिचं नाव घेतलं. बाकीच्या कोण व्हत्या, मी नागुबाईला लई बारी इचारलं. शेवटच्या दुखण्यात तिच्या उशाशी बसून बी इचारलं. म्हनली, "तुला कामून पाह्यजे गं? तुझा काय हिशोब अडला?" आन् कूस बदलली.

म्हनून हे वाचनाऱ्यांनो, वरल्या गल्लीच्या लेकी-सुना आता लातूरला, उदगीरला, कुठं कुठं गेल्यात. तुमच्या घरात त्यातली एखादी म्हातारी असंल, तर तिच्या कानात एवढंच सांगा. नागुबाईनं तुमचं नाव सख्ख्या जावंला बी सांगितलं न्हाई.