आत्या निघाली

बाईंच्या हुद्द्याची पाटी त्यांच्या खोलीच्या दारापेक्षा लांब आहे, असं बंदरावरचे लोक म्हणतात, आणि ते काही अगदीच खोटं नाही. ‘वरिष्ठ मत्स्य अंमलबजावणी अधिकारी’ एवढं सगळं एका ओळीत बसवायचं म्हणून रंगाऱ्याने शेवटची अक्षरं दाटीवाटीने कोंबली, तरी ‘री’ चौकटीवर चढलाच. खोली बर्फाच्या गोदामावर आहे. खालून सदा गारठा वर येतो, म्हणून बाई टेबलाखाली गोणपाट अंथरून त्यावर पाय ठेवून बसतात. टेबलावर पाण्याची बाटली, चष्म्याचं घर आणि एक निमुळती धातूची पट्टी. जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याचं एकेक भोक, या पट्टीने मोजायचा. पट्टी खुणेपर्यंत आत गेली तर जाळं कायद्यातलं, आधीच अडकली तर जप्त. काम म्हणाल तर एवढंच, पण त्यापायी अख्खं बंदर बाईंच्या नावाने बोटं मोडतं.

बरं, बाई काही परक्या घरातून आलेल्या नाहीत. बाप बोटवाला, थोरला भाऊ बोटवाला. बाई तेवढ्या शिकल्या. कुठलं खातं घ्यावं म्हणून डोकं खाजवत बसल्या होत्या, तेव्हा भावानेच सांगितलं होतं, “अगं, मासळीतलं तुला जन्मापासून कळतं. याच खात्यात जा. आमचं कोणीतरी आत असू दे की!” पहिल्या दिवशी त्यानेच तिला सायकलवर बसवून ऑफिसात सोडलं. तेव्हा त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक होतं, की ‘आमचं कोणीतरी’ आपल्याच मानगुटीवर बसणार आहे.

झालं असं, की बाईंना बढती मिळाल्यावर धक्क्यावर तपासणी लागली आणि नेमकी दादाची बोट समोर आली. जाळ्याचा आस इतका बारीक की बोटाच्या पेराएवढी पिल्लंही त्यात अडकलेली. हाताखालच्या माणसाने बाईंकडे पाहिलं आणि तो पट्टी हळूच खिशात घालायला लागला. बाई म्हणाल्या, “इकडे द्या.” स्वतः वाकून मोजलं. सगळ्या धक्क्यासमोर सख्ख्या भावाचं जाळं जप्त केलं. दादा एक शब्द बोलला नाही. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलतच नाही, त्याला आता कित्येक वर्षं होऊन गेली.

आणि न बोलणं म्हणजे कसं? साग्रसंगीत! आई दादाकडे असते, म्हणून बाई सुट्टीच्या दिवशी तिकडे जातात. दादा समोरच बसलेला असतो. म्हणतो, “आई, तिला विचार, चहात साखर घालायची का.” तिला ऐकू जातं, तीही म्हणते, “आई, त्याला सांग, अर्धा चमचा.” आई दोघांकडे बघते आणि कपाळावर हात मारते. वहिनी तर एकदा वैतागून म्हणाली होती, “तुमच्या दोघांचा टपाल खर्च आता मी घेणार नाही हं!” सगळे हसले, दादाही गालातल्या गालात हसला, पण बोलला मात्र भिंतीशीच. बाई घरी येऊन नवऱ्याजवळ रडायच्या. नियमाने वागल्याचा त्यांना पश्चात्ताप नव्हता, पण भाऊ गेला होता तो गेलाच होता.

या भांडणातून भाचा तेवढा सुटला. दादाचा मुलगा, आता चांगला बायकापोरांचा बाप झालाय, स्वतःची वेगळी छोटी बोट आहे त्याची. तो आत्याकडे हक्काने यायचा, फ्रिज उघडून काय आहे ते बघायचा. त्यानेच नकळत एक भानगड करून ठेवली. एकदा धक्क्यावर उभा असताना त्याला बाईंची गस्तीची बोट सुटताना दिसली. दादा तेव्हा समुद्रात होता. पोराने सहज वायरलेसवर सांगितलं, “बाबा, आत्या निघाली.” झालं! आसपासच्या बोटींनी ते ऐकलं आणि उचललं. तेव्हापासून गस्तीची बोट हलली रे हलली, की कोणीतरी वायरलेसवर तेवढे दोनच शब्द टाकायचं. ऐकणारे जाळी ओढून घ्यायचे, वायरलेस बंद करायचे, म्हणजे कोणी हाक मारून विचारायला नको, आणि पाय लावून पळायचे.

बाईंना हे कळलं ते एका पिकल्या केसांच्या म्हाताऱ्यामुळे. तो वायरलेसवर घाईघाईने ओरडला, “अरे, आत्या निघाली!” बाईंच्या मनात आलं, या बाबाची आत्या अजून आहे कुठे? मग प्रकाश पडला. त्या दिवशी घरी येऊन त्या इतक्या हसल्या की नवऱ्याने पाण्याचा पेला आणून दिला. पण कोणाला काही बोलल्या नाहीत. उलट त्याचाच उपयोग करायला लागल्या. मासे अंडी घालतात त्या दिवसांत आतली खाडी सगळ्यांना बंद असते. बाई नुसती बोट सुरू करायच्या, हाकाटी उठू द्यायच्या आणि रडारच्या पडद्यावर बघत बसायच्या. खाडीतून जे ठिपके पळाले ते चोर! त्यांना खाडीच्या तोंडावर गाठायचं. आपण कसे सापडतो, या विचाराने बंदराचं डोकं चक्रावून गेलं होतं.

त्या दिवशी सकाळी धुकं असं होतं, की बोटीच्या टोकाला उभा असलेला रक्षक मागून दिसत नव्हता. बंदीचेच दिवस होते. बाईंची बोट खाडीच्या तोंडाशी पोचली आणि वायरलेस खरखरला.

“…आत्या… खर्रर्र… आत्या…”

“घ्या, लागली बोंब!” बोटीचा ड्रायव्हर खूश झाला. पडद्यावर खाडीतले ठिपके फुटाण्यासारखे उडाले. “मॅडम, ती बघा, मोठी बोट आपल्याच बाजूला येतेय. आयती हातात सापडते. वळवू?”

बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. पळणाऱ्यांना सोडून त्या एका न हलणाऱ्या ठिपक्याकडे बघत होत्या. त्याच्या अगदी जवळून ती मोठी बोट वळून निघाली होती.

“…आत्या… खर्रर्र… ए आत्या…”

बाईंनी आवाज मोठा केला. इशारा देणारा माणूस एकदा बोलतो आणि गप्प बसतो. हा थांबत नव्हता. आणि ‘निघाली’ कुठे आहे? सगळं बंदर म्हणतं ‘आत्या निघाली’. ‘ए आत्या’ म्हणणारा जगात एकच होता.

“तो सावध करत नाहीये,” बाई म्हणाल्या. “तो मला हाक मारतोय.”

त्यांनी वायरलेसचा माईक ओढून घेतला. इतकी वर्षं ज्या चॅनलवर त्या मुक्याने ऐकत होत्या, त्यावर त्या पहिल्यांदा बोलल्या, “मी आत्या बोलतेय. खाडीत बोट बुडतेय. जवळ जो असेल त्याने मागे फिरा. कोणावर केस करणार नाही, आधी मागे फिरा!” आपलं गुपित फुटलं, आता पुढे एकही बोट अशी सापडणार नाही, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. पण उत्तर कोण देणार? पळणाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे वायरलेस बंद करून टाकले होते.

तेवढ्यात ती मोठी बोट धुक्यातून बाहेर आली आणि बाजूने गेली. सुकाणूपाशी एक माणूस उभा होता, डावा खांदा पाडून, एक पाय काठावर ठेवून. त्यांचा बाप असाच उभा राहायचा. बाईंनी भोंगा तोंडाला लावला आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडल्या, “दादा, थांब! दादा, मागे फिर!”

त्याने मान वळवली, गस्तीची बोट पाहिली आणि इंजिन आणखी सोडलं. बघता बघता धुक्याने त्याला गिळलं.

“मॅडम, पकडू? अजून हातात आहे,” ड्रायव्हर म्हणाला.

“जाऊ दे त्याला. आवाजाकडे चल.”

भाच्याची बोट पाण्याखालच्या ओंडक्यावर आपटून फुटली होती. इंजिन पाण्यात, वायरलेसची बॅटरी हाका मारता मारता संपलेली. तो आणि त्याचे दोन गडी उलट्या पडलेल्या पिंपाला धरून होते. ओठ निळे पडलेले. रक्षकाने एकेकाला वर ओढलं. भाचा वर आला तो आत्याच्या अंगावरच कोसळला. बाईंनी त्याला असं घट्ट धरलं की गणवेश भिजून थंडगार झाला तरी सोडेनात. मागे बोटीचं नाक वर आलं आणि बुडबुडे काढत खाली गेलं.

“आत्या,” भाचा कुडकुडत म्हणाला, “केस करणार?”

“करणार. बंद खाडीत जाळं टाकतोस आणि वर विचारतोस? आधी दात वाजवणं थांबव, गाढवा.” असं म्हणताना त्या रडत होत्या, आणि ड्रायव्हर उगाचच पुसलेली काच पुन्हा पुसत होता.

बर्फाच्या गोदामावरच्या खोलीत दोन्ही गड्यांना डॉक्टरने तपासलं आणि घरी धाडलं. भाचा बाईंच्या खुर्चीत, गोणपाटावर पाय ठेवून, दोन घोंगड्या गुंडाळून बसला होता. हातात चहा. तेवढ्यात जिन्यावर धडधड पावलं वाजली आणि दादा दारात आला. तो केव्हाच किनाऱ्याला लागला होता, बोट बांधून, हातपाय धुऊन टपरीवर बसला होता. तिथे त्याला कोणीतरी सांगितलं, की तुझं पोरगं बुडता बुडता वाचलं. धावत आल्यामुळे त्याला धाप लागली होती. त्याने मुलाच्या डोक्यावर, पाठीवर, हातांवर हात फिरवले. सगळं जागच्या जागी आहे ना हे बघत असल्यासारखे.

“बाबा, मी वाचतच नव्हतो,” भाचा म्हणाला. त्याचा राग आता कुठे गरम चहाबरोबर वर येत होता. “आणि सांगू? एक बोट जवळ होती. अगदी जवळ! धुक्यात सावली दिसली. आम्ही तिघं बोंबललो. पण मेल्याने इंजिन इतकं सोडलेलं, त्याला काय ऐकू जाणार! वळला आणि गेला. सापडू दे मला तो, नरडंच धरतो त्याचं. आत्या, तू पाहिली असशील ना? तुमच्या बाजूलाच गेली ती. कोण होता?”

 खाली कोणीतरी बर्फ फोडत होतं. दादाने मान वर केली आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा बहिणीच्या डोळ्यांत पाहिलं. आपण कुठून पळालो, कोणाजवळून पळालो, हे त्याला त्या घटकेला कळलं. त्याचा चेहरा असा उतरला, की बाईंना तो बघवेना. याच माणसाचं जाळं त्यांनी सगळ्या जगासमोर ओढून घेतलं होतं. पण जाळं वेगळं आणि पोरगं वेगळं. पोरगंही त्याच्याकडून घ्यायचं, तर त्याच्याजवळ राहणार काय?

“धुकं केवढं होतं,” बाई म्हणाल्या. “मला नाही दिसलं कोणी.”

सबंध नोकरीत बाईंनी केलेली ही पहिली लबाडी. जमलीही नाही त्यांना. शेवटच्या शब्दाला आवाज फाटला.

“खोटं बोलतेस तू,” दादा म्हणाला.

तो तिच्याशी बोलला होता. आईमार्फत नाही, भिंतीशी नाही, तिच्याशी. 

“खोटं बोलतेय ती,” दादा मुलाकडे वळला. तो तिथेच जमिनीवर खाली बसला. “मी होतो रे. माझी बोट होती. हिने मला भोंग्यावर हाका मारल्या, दादा दादा म्हणून. मला वाटलं, पकडायला येतेय.”

भाच्याने हातातला चहा खाली ठेवला.

“बाबा, वायरलेसवर माझा आवाज नाही ओळखलात तुम्ही?”

“ओळखला ना!” दादाने तोंडावर हात दाबला, पण शब्द थांबले नाहीत. “पहिल्या अक्षराला ओळखला. म्हटलं, बघा, माझं पोरगं बापाला सावध करतंय. अरे, कौतुक वाटलं मला तुझं! आणि वायरलेस बंद करून पळालो.”

त्याला रडू कोसळलं. मोठा, रापलेला, हट्टी माणूस, तो लहान मुलासारखा हुंदके देत होता. बाई त्याच्या शेजारी खाली बसल्या. त्यांनी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्याने तो ठेवू दिला.

भाचा खुर्चीतून उठला.  मग अंगावरची एक घोंगडी काढून त्याने बापाच्या खांद्यावर टाकली.

“बाबा,” तो म्हणाला, “यापुढे वायरलेस बंद करत जाऊ नका.”